वाचक विचारतात : परदेशी जायचंय, टेस्ट कुठली आणि कागद कुठले?

गेल्या अंकात परदेश प्रवासाचे प्रश्न पाठवा म्हटलं तर एवढी पत्रं आणि मेसेज आले की निवडताना पंचाईत झाली. मी पणजीत तिकिटांच्या काउंटरवर बसते त्यामुळे यातले बरेचसे प्रश्न रोज समोर येतातच. एक सांगून ठेवते, खाली लिहिलंय ते मार्च २०२२ च्या शेवटी जे नियम चालू होते त्यावरून लिहिलंय, त्यातले कोविडचे नियम आता राहिलेले नाहीत, आणि ‘आत्ता’, ‘गेल्या वर्षी’ हे त्या वेळेपासूनचं समजा. तुम्ही ज्या महिन्यात निघाल त्या महिन्याचा नियम लागणार, तेव्हा निघायच्या आठवड्यात परत एकदा बघाच.

प्रश्न : माझी मुलगी ब्रिटनमध्ये स्विंडनला असते, मे महिन्यात तिची डिलिव्हरी आहे आणि आम्ही दोघं एप्रिलच्या शेवटी जाणार. दोघांचेही कोविशिल्डचे दोन्ही डोस झालेत, दुसरा गेल्या जूनमध्ये. शेजारच्या वहिनी गेल्या वर्षी जाऊन आल्या, त्यांनी यादी दिली आहे : लोकेटर फॉर्म (तिथे कुठे राहणार ते कळवायचा), दुसऱ्या दिवसाची टेस्ट, आठव्या दिवसाची टेस्ट, घरात दहा दिवस. आम्हाला इंग्लिश फॉर्म जमत नाहीत, फार टेन्शन आलंय. – एक आई, फोंडा

उत्तर : मावशी, पहिलं म्हणजे ती यादी फाडून टाका. वहिनींनी खोटं काही सांगितलेलं नाही, गेल्या वर्षी तसंच होतं. एप्रिल २०२१ मध्ये ब्रिटनने भारताला रेड लिस्टमध्ये टाकलं, म्हणजे ज्यांना जायची परवानगी होती त्यांनाही स्वतःच्या खर्चाने दहा दिवस सरकारी ठरवलेल्या हॉटेलात राहावं लागायचं, ऑगस्टमध्ये आपण अंबर म्हणजे मधल्या यादीत आलो, मग ऑक्टोबरच्या सुरवातीला कोविशिल्ड चालेल पण भारताचं सर्टिफिकेट चालणार नाही असं एक विचित्र प्रकरण झालं, आपल्या सरकारनेही ब्रिटनहून येणाऱ्यांना दहा दिवस क्वारंटाइन लावलं आणि मग आठवड्याभरात, ११ ऑक्टोबरपासून, त्यांनी आपलं सर्टिफिकेट मानायला सुरवात केली. त्या काळात माणसं किती रडकुंडीला आली ते मी बघितलंय. पण आता १८ मार्च २०२२ पासून ब्रिटनने हे सगळंच उठवलंय. टेस्ट नाही, लोकेटर फॉर्म नाही, लस घेतली नाही घेतली तरी विचारत नाहीत. तुम्हाला ब्रिटनमध्ये शिरायला कोविडसाठी आज एकही कागद लागत नाही.

म्हणजे काहीच नको असं मात्र समजू नका, कारण दोन गोष्टी उरतात आणि लोक नेमक्या त्याच विसरतात. एक, तुम्ही मध्ये कुठे उतरणार? गोव्यात दाबोळीहून लंडनला जाताना मुंबई करून जाणार असाल किंवा आखातातल्या एखाद्या एअरपोर्टवर विमान बदलणार असाल. ज्या देशात विमान बदलता त्याचा ट्रान्झिटचा नियम आणि त्या विमान कंपनीचा स्वतःचा नियम दोन्ही बघावे लागतात. आत्ता बऱ्याच ठिकाणी जिथे शेवटी जाणार तिथलाच नियम लावतात, तरी तिकीट काढतानाच विचारून घ्या आणि उत्तर मेलवर मागा, फोनवर सांगितलेलं काउंटरवर दाखवता येत नाही.

दुसरं, परत येणं. जाताना सगळे तयारी करतात, येताना कोणी विचारच करत नाही. आपल्या सरकारचे १४ फेब्रुवारी २०२२ चे नियम तेव्हा चालू होते. भारतात उतरणाऱ्या प्रत्येकाने निघण्याआधी एअर सुविधावर फॉर्म भरायचा, मागच्या १४ दिवसांत कुठे कुठे गेला ते लिहायचं, आणि ७२ तासांच्या आतला आरटी-पीसीआर रिपोर्ट तरी जोडायचा नाहीतर लसीचं सर्टिफिकेट तरी, सर्टिफिकेट चालणाऱ्या देशांच्या यादीत ब्रिटन होतं. हा फॉर्म दिल्ली एअरपोर्टच्या वेबसाइटवर होता, वर दिल्लीचं नाव बघून लोक बंद करून टाकायचे, पण मुंबईला उतरा नाहीतर दाबोळीला, फॉर्म तोच. तुम्ही येणार तेव्हा पावसाळा संपत आलेला असेल, तोवर हेही बदलू शकतं, म्हणून मुलीलाच सांगून ठेवा की निघायच्या आधी एकदा बघून भरून देईल. तिला दहा मिनिटांचं काम आहे.

आणि नियमात नसलेली एक गोष्ट सांगते, ती करा. १६ मार्च २०२२ पासून साठीच्या वरच्या सगळ्यांना प्रिकॉशन डोस, म्हणजे तिसरा डोस, मिळायला लागला, आजारपणाची अट काढली. दुसऱ्या डोसनंतर ३९ आठवडे व्हायला हवे होते, तुमचा जूनमधला आहे म्हणजे झालेच. दोघं साठीच्या वर असाल तर आत्ताच जवळच्या सरकारी दवाखान्यात जाऊन घेऊन टाका, निघेपर्यंत दोन-तीन आठवडे मिळतील. ब्रिटन मागत नाही, पण तुम्ही नवजात बाळाजवळ जाताय.

प्रश्न : माझे मिस्टर दुबईला आहेत. मी आणि दोन मुलं, एक ९ वर्षांचा आणि मुलगी १३ ची, एप्रिलमध्ये व्हिजिट व्हिसावर जातोय. एजंट म्हणतो की घरी एक टेस्ट आणि एअरपोर्टवर सहा तास आधी दुसरी रॅपिड टेस्ट करावीच लागते आणि दोन्हींचे पैसे तो आत्ताच मागतोय. खरं का? – एक वाचक, दोडामार्ग

उत्तर : एअरपोर्टवरची रॅपिड पीसीआर होती खरी, गेल्या वर्षी आधी चार तास मग सहा तास असं होतं, आणि ती महागही होती. पण दुबईने भारतातून येणाऱ्यांसाठी ती २२ फेब्रुवारी २०२२ पासून काढून टाकली. त्याचे पैसे देऊ नका. त्यानंतर २६ फेब्रुवारीपासून आणखी सोपं झालं, लस पूर्ण झालेल्यांना साधी पीसीआर पण नको झाली, क्यूआर कोड असलेलं सर्टिफिकेट दाखवलं की झालं. म्हणजे तुमचे दोन्ही डोस झाले असतील तर तुम्हाला टेस्टच नाही. धाकट्यालाही नाही कारण दुबईत १२ वर्षांच्या आतल्या मुलांना टेस्टची सक्ती नाही.

प्रश्न आहे तो मुलीचा. १२ ते १४ च्या मुलांना कोर्बेवॅक्स लस १६ मार्च २०२२ पासून सुरू झाली, एप्रिलपर्यंत तिचे दोन डोस पूर्ण होण्याची शक्यता कमी, शिवाय ती लस २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत नव्हती त्यामुळे बाहेरचे देश ती धरतीलच असं नाही. तेव्हा तिची आरटी-पीसीआर करा, निघायच्या आधीच्या ४८ तासांतली. लस मात्र द्याच, ती तिच्या तब्येतीसाठी आहे, काउंटरसाठी नाही.

आता ४८ तास कुठून मोजायचे, यावर सगळ्यात जास्त घोळ होतो. स्वॅब घेतल्याच्या वेळेपासून मोजतात, रिपोर्ट हातात आल्यापासून नाही. समजा फ्लाइट शनिवारी रात्री साडेअकराची आहे. तर स्वॅब गुरुवारी रात्री साडेअकराच्या आधी दिलेला चालणार नाही. म्हणून गुरुवारी सकाळी वेळ आहे म्हणून जाऊन आलो असं करू नका, शुक्रवारी सकाळी नऊ-दहाला द्या, संध्याकाळपर्यंत किंवा शनिवारी सकाळी रिपोर्ट येतो, आणि फ्लाइट पाच-सहा तास लेट झाली तरी तुम्ही मुदतीत राहता. मध्ये रविवार किंवा सुट्टी येत असेल तर लॅबला आधी फोन करून विचारा, कारण स्वॅब घेणारा माणूस असतो पण रिपोर्टवर सही करणारे डॉक्टर नसतात असं होतं. शिगम्याच्या दिवसांत एका कुटुंबाची फ्लाइट अशीच चुकली होती.

फॉर्म भरतानाच मुलीचा पासपोर्ट नंबर लिहून द्या. लॅबवाले आधार मागतात आणि आधारवरचंच नाव छापतात. रिपोर्टवर काय काय पाहिजे : नाव पासपोर्टवर आहे तसं अक्षरन् अक्षर, पासपोर्ट नंबर, स्वॅब घेतल्याची तारीख आणि वेळ, रिपोर्टची वेळ, टेस्ट आरटी-पीसीआर असं स्पष्ट लिहिलेलं, आणि मोबाइलने स्कॅन केल्यावर लॅबचा मूळ रिपोर्ट उघडेल असा क्यूआर. तो घरी स्कॅन करून बघा, एअरपोर्टवर पहिल्यांदा करू नका. ट्रूनॅट किंवा अँटिजेनचा रिपोर्ट यासाठी नको. आणि तुम्ही दुबईलाच उतरताय ना एकदा खात्री करा, तिथल्या प्रत्येक अमिरातीचे नियम थोडे थोडे वेगळे असतात, तिकीट स्वस्त मिळालं म्हणून दुसरीकडे उतरणार असाल तर तिथला नियम वाचा.

प्रश्न : मी क्रूझवर गॅलीत, म्हणजे बोटीच्या स्वयंपाकघरात, काम करतो, दोन वर्षांनी परत कॉल आलाय, ४ एप्रिलची मायामीची फ्लाइट आहे. जानेवारीत १२ तारखेला मी पॉझिटिव्ह आलो होतो, साधा ताप होता, पाच दिवसांत बरा झालो. आता मुंबईच्या एजन्सीने टेस्ट करायला सांगितली तर परत पॉझिटिव्ह. मला काहीच होत नाहीये. हा कॉल गेला तर घर कसं चालवायचं? – एक वाचक, डिचोली

उत्तर : भाऊ, हा प्रश्न वाचून मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं कारण २०२० पासून बोटीवरच्या आपल्या माणसांनी जे सोसलंय ते गोव्यात घराघरात माहीत आहे. एप्रिल २०२० मध्ये मुंबईच्या बंदरासमोर बोट उभी, वर आपली पोरं, आणि उतरायला परवानगी नाही, ते दिवस कोण विसरणार. मग दोन वर्षं कॉल नाही. त्यामुळे शांतपणे वाचा, तुमच्या केसमध्ये मार्ग आहे.

आधी टेस्टचं समजून घ्या. आरटी-पीसीआर विषाणूच्या जनुकाचे तुकडे शोधते. माणूस बरा होतो, विषाणू मरतो, पण मेलेल्या विषाणूचे तुकडे नाकात कित्येक आठवडे राहू शकतात आणि मशीनला जिवंत-मेलेला कळत नाही. म्हणून बरं झाल्यावर दोन-तीन महिने अधूनमधून पॉझिटिव्ह येणारी माणसं असतात, ती दुसऱ्याला देत नाहीत. म्हणूनच अमेरिकेने २०२२ च्या नियमात वेगळी वाट ठेवली होती. निगेटिव्ह टेस्टच्या ऐवजी त्यांना बरं झाल्याचा पुरावा चालायचा, त्याला दोन कागद लागायचे. एक, निघायच्या आधीच्या ९० दिवसांतला पॉझिटिव्ह रिपोर्ट. दोन, डॉक्टरांचं पत्र की हा माणूस बरा झालाय आणि प्रवास करू शकतो. पत्र लेटरहेडवर पाहिजे, त्यावर डॉक्टरांचं नाव, पत्ता, फोन, सही, तारीख. तुमचं नाव आणि जन्मतारीख पासपोर्टप्रमाणे.

तुमचे १२ जानेवारीपासून ९० दिवस १२ एप्रिलला भरतात. फ्लाइट ४ तारखेची आहे, म्हणजे बसतंय. पण कंपनीने तारीख पुढे ढकलली आणि १२ नंतरची दिली तर हा रस्ता बंद, हे एजन्सीला आत्ताच सांगा. आणि मुख्य म्हणजे जानेवारीतला तो रिपोर्ट लॅबचा आहे ना? त्या लाटेत गोव्यात कितीतरी लोकांनी फार्मसीतून किट आणून घरीच केली, दोन रेघा आल्या, बरे झाले, संपलं. त्याचा कागदच नाही आणि मोबाइलवरचा फोटो कोणी मानत नाही. तुम्ही लॅबमध्ये किंवा सरकारी केंद्रावर टेस्ट केली असेल तर एसआरएफ नंबर (नमुन्याबरोबरच्या सरकारी फॉर्मचा नंबर) असतो, त्यावरून रिपोर्ट परत काढता येतो, तिथे जाऊन प्रिंट घ्या.

दुसरी वाट म्हणजे अमेरिकेला तेव्हा अँटिजेन टेस्ट पण चालायची, पीसीआरच पाहिजे असं नव्हतं, हे पुष्कळ लोकांना माहीतच नसायचं. अँटिजेन जुन्या तुकड्यांवर सहसा पॉझिटिव्ह येत नाही. फक्त ती लॅबमध्ये करा, रिपोर्ट घ्या. डिसेंबर २०२१ पासून त्यांचा नियम एक दिवसाचा होता, आणि इथे तास मोजत नव्हते, तारीख मोजत होते. म्हणजे ४ तारखेला कितीही वाजता निघणार असाल तर ३ तारखेला कधीही केलेली टेस्ट चालते, सकाळी सातची पण चालते. गोवा ते मुंबई ते मध्ये कुठेतरी ते मायामी असं सगळं एकाच तिकिटावर, एकाच पीएनआरवर असेल आणि कुठलाही थांबा २४ तासांच्या वर नसेल तर दिवस पहिल्या फ्लाइटपासून मोजायचा. तिकिटं वेगवेगळी काढली असतील तर तसं नाही, मग वाटेतच परत टेस्ट करायची पाळी येऊ शकते. एजन्सी तिकीट काढते तेव्हा हे विचारायचा तुमचा हक्क आहे, संकोच करू नका.

आता अवघड भाग. अमेरिकेचा नियम वेगळा आणि कंपनीचा नियम वेगळा. २०२२ मध्ये क्रूझ कंपन्या चढायच्या आधी स्वतःची टेस्ट घ्यायच्या, लसही मागायच्या, आणि काही कंपन्या पीसीआर निगेटिव्हच पाहिजे म्हणून बसायच्या. म्हणून आजच्या आज एजन्सीला मेल लिहा, फोन नको. त्यात जानेवारीचा रिपोर्ट, आत्ताचा रिपोर्ट आणि डॉक्टरांचं पत्र जोडा आणि सरळ विचारा की बरं झालेल्या माणसासाठी कंपनीची काय पद्धत आहे. त्यांच्या मेडिकल विभागाकडे अशा कितीतरी केसेस येऊन गेल्या असणार. ज्या माणसांनी हे दोन आठवडे आधी केलं ती गेली आणि जी शेवटच्या दिवशी रडत आली त्यांच्यासाठी कोणालाच काही करता आलं नाही.

आणि एक गोष्ट मनावर दगड ठेवून सांगते. परत ताप, घसा, अंगदुखी असं काही सुरू झालं असेल किंवा अँटिजेन पण पॉझिटिव्ह आली तर ते जुने तुकडे नाहीत, नवीन लागण असू शकते, तेव्हा डॉक्टरांना खरं सांगा आणि जाऊ नका. बोटीवर एका केबिनमध्ये दोघं-तिघं झोपतात, तुम्हाला माहीतच आहे.

प्रश्न : माझ्या पासपोर्टवर आडनाव जुन्या पोर्तुगीज पद्धतीने आहे, एन-ए-आय-क्यू-यू-ई, कारण जन्मदाखल्यावर तसंच आहे. आधारवर एन-ए-आय-के. कोविनच्या सर्टिफिकेटवर आधारप्रमाणे आलंय. शिवाय माझे पहिल्या डोसचीच दोन सर्टिफिकेटं दिसतात, दुसऱ्या डोसचं नाहीच. – एक वाचक, पेडणे

उत्तर : गोव्यात हे घरोघरी आहे, कामत, प्रभू, शेणवी, कोणाचंही घ्या, आजोबांच्या कागदावर एक स्पेलिंग आणि नातवाच्या कागदावर दुसरं. आपल्याला काही वाटत नाही पण परदेशातल्या काउंटरवरच्या माणसाला ही दोन वेगळी माणसं दिसतात.

कोविनवर ज्या मोबाइल नंबरने रजिस्टर केलंय त्याने लॉगिन करा, तिथे ‘रेझ ॲन इश्यू’ म्हणून आहे. त्यात तीन कामं होतात, दुरुस्ती, पासपोर्ट नंबर जोडणं, आणि दोन पहिले डोस एकत्र करणं. तुमचं बहुतेक असं झालंय की पहिला डोस एका नंबरवर घेतला आणि दुसरा पंचायतीतल्या टीका उत्सवात, म्हणजे लसीच्या शिबिरात, घाईत दुसऱ्या नंबरवर लिहिला गेला, म्हणून दोन्ही पहिलेच दिसतात. आधी ते दोन एकत्र करा. मग नाव पासपोर्टप्रमाणे करा. शेवटी पासपोर्ट जोडा. दुरुस्तीची संधी एकदाच मिळते म्हणून पासपोर्ट समोर उघडा ठेवून भरा, अक्षर अक्षर बघून, मुलाला सांगून फोनवर भरून घेऊ नका. आणि परदेशासाठीचं सर्टिफिकेट वेगळं डाउनलोड होतं, त्यावर पूर्ण जन्मतारीख असते, तेच घ्या, साध्यावर नुसतं वय असतं आणि त्यावरूनच २०२१ मध्ये आपल्या लोकांना अडवत होते.

प्रश्न : स्वॅब न देता निगेटिव्ह रिपोर्ट काढून देणारा एक जण आहे, पाचशे रुपये घेतो. आमच्याकडे सगळे त्याच्याकडूनच करतात. काय हरकत आहे? – नाव नको, साखळी

उत्तर : नका करू. तो क्यूआर स्कॅन झाला आणि लॅबच्या रेकॉर्डमध्ये तुमचं नाव नसलं तर विमानात बसू देत नाहीत, तिकीट जातं, आणि खोटा कागद वापरला म्हणून पोलीस केस तुमच्यावरही होऊ शकते, रिपोर्ट देणारा तोवर फोन बंद करून बसलेला असतो. आखातात हे पकडलं गेलं तर व्हिसाचं काय होईल याचा विचार करा. आणि हे सगळं बाजूला ठेवलं तरी, तुम्ही खरंच पॉझिटिव्ह असाल तर शेजारच्या सीटवर कोणाचीतरी आई बसलेली असते.

प्रश्न : आम्ही मित्र एप्रिलमध्ये थायलंडला जायचं म्हणतोय. विमा लागतो म्हणतात, सगळ्यात स्वस्त कुठला? – एक वाचक, म्हापसा

उत्तर : स्वस्त विचारू नका, काय भरून देतो ते विचारा. १ एप्रिल २०२२ पासून थायलंडला निघायच्या आधीची पीसीआर लागत नव्हती, पण थायलंड पास (तिथे यायची ऑनलाइन परवानगी) आधी काढावा लागायचा, किमान २०,००० डॉलरचा विमा लागायचा, उतरल्यावर पहिल्या दिवशी पीसीआर व्हायची आणि तो रिपोर्ट येईपर्यंत ठरवलेल्या हॉटेलात थांबायचं, मग पाचव्या दिवशी अँटिजेन स्वतः करायची. म्हणजे तुमच्यातला कोणी पॉझिटिव्ह निघालाच तर तिथे जाऊन निघणार, इथे नाही, आणि तिथे अलग राहायचा खर्च त्याच्या अंगावर येणार. पॉलिसी घ्यायच्या आधी एकच वाक्य शोधा, ‘हॉस्पिटलात भरती झाल्यासच’ असं आहे का. तसं असेल तर लक्षणं नसलेल्या माणसाला हॉटेलात ठेवलं तर विमा एक पैसा देणार नाही, आणि तुमच्या वयाच्या मुलांचं बहुतेक तसंच होतं. पहिल्या रात्री खोल्या शेअर करू नका एवढं नक्की सांगेन. एक पॉझिटिव्ह आला की खोलीतला दुसराही अडकतो.

प्रश्न : मुलगा दोन वर्षांनी जर्मनीहून येतोय. त्याला सात दिवस घरात बंद ठेवावं लागेल का, दारावर पोस्टर लावतील का? घरात सासरे ८४ वर्षांचे आहेत. वाड्यावर लोक आधीच विचारायला लागलेत. – एक वाचक, मडगाव

उत्तर : वहिनी, ते सात दिवसांचं क्वारंटाइन आणि आठव्या दिवसाची टेस्ट जानेवारी २०२२ मध्ये होती, १४ फेब्रुवारीपासून गेली. त्यानंतर १४ दिवस स्वतःच्या तब्येतीवर लक्ष ठेवा एवढंच राहिलं. एअरपोर्टवर प्रत्येक फ्लाइटमधल्या दोन टक्के लोकांचा स्वॅब घ्यायचे, त्यात नंबर लागला तर नमुना देऊन लगेच बाहेर पडता यायचं, रिपोर्ट नंतर कळायचा. घरी आल्यावर काही वाटलं तर सरकारच्या १०७५ या हेल्पलाइनवर फोन करायचा. पोस्टर नाही, शिक्का नाही, पंचायतीत कळवायचं नाही. वाड्यावरच्यांना एवढं सांगा की सरकारचे नियम पाळून आलाय, पुढे कोणाला स्पष्टीकरण देत बसू नका.

पण नियमात नाही म्हणून सासऱ्यांच्या बाबतीत सगळं सोडून देऊ नका. लांबच्या प्रवासात लागण झाली तर ती बहुतेक दोन ते पाच दिवसांत कळते. पहिले चार-पाच दिवस मुलाने वेगळ्या खोलीत झोपावं, जेवण वेगळं, आणि आजोबांशी गप्पा बाहेर सोप्यावर बसून माराव्यात, दोघांनी मास्क लावून, मध्ये थोडं अंतर. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एक आणि पाचव्या दिवशी एक अशी घरची किट करा, दोन्हींत एकच रेघ आली की मग खुशाल मिठी मारू द्या. दोन वर्षांनी भेटतायत, आजोबा ऐकणार नाहीत हे मला कळतं, म्हणून मुलालाच आधी फोनवर सांगून ठेवा. सासऱ्यांचा प्रिकॉशन डोस राहिला असेल तर तो येण्याआधी करून घ्या.

प्रश्न : भाच्याची बोट नायजेरियाला जाणार. एजन्सी पिवळं पुस्तक मागते. कोविडचं सर्टिफिकेट आहे ते चालेल ना? – एक वाचक, वास्को

उत्तर : नाही, ते वेगळं. ते यलो फीव्हरच्या लसीचं आहे आणि कोविडच्या कितीतरी आधीपासून आहे. ही लस कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, ठरावीक सरकारी केंद्रांवरच मिळते, वास्कोवाल्यांना मुरगाव बंदराचं पोर्ट हेल्थ ऑफिस जवळ पडेल, तिथे लसीचे दिवस ठरलेले असतात म्हणून आधी फोन करून जा. पासपोर्ट न्यायला विसरू नका, नंबर पुस्तकात लिहितात. अंड्याची ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना आधीच सांगायचं. एकदा घेतली की २०१६ पासूनच्या नियमाप्रमाणे आयुष्यभर चालते, पण सर्टिफिकेट लागू होतं ते दहा दिवसांनी. परवा बोट आणि आज लस असं केलं तर उपयोग नाही. आणि तिथून परत येताना ते पुस्तक हातातल्या बॅगेत ठेवायला सांगा, चेक-इनच्या बॅगेत नको, कारण ते नसलं तर भारतात उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइनमध्ये ठेवतात आणि हा नियम कोविडचे सगळे नियम गेले तरी राहणार आहे.